चाकणच्या नेपाळी वॉचमनला व्हिसा का लागत नाही? आणि त्याचा गरिबीशी संबंध काय?

चाकण, भोसरी, तळवडे. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन, ढाब्यावरचा आचारी, चायनीजच्या गाडीवरचा पोरगा. यातले बरेच जण नेपाळचे. लोक सरसकट ‘बहादूर’ म्हणून हाक मारतात, खरं नाव सहसा कुणी विचारत नाही. हे लोक परदेशी असूनही यांना व्हिसा लागत नाही, वर्क परमिटही लागत नाही.

त्याचं कारण 1950 सालचं आहे. 31 जुलैला काठमांडूत भारत-नेपाळ शांतता आणि मैत्री करार झाला. त्याच्या कलम 7 नुसार दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची, व्यापारधंद्याची आणि फिरण्याची मुभा दिली. म्हणूनच बिहार-उत्तर प्रदेशातले कारागीरही नेपाळात जाऊन कमावतात.

आता यातला खरा मुद्दा. आखातात नोकरीला जायचं तर पासपोर्ट हवा, एजंटला पैसे हवेत, म्हणजे आधी कर्ज आलं. भारतात यायला बसचं भाडं पुरतं. त्यामुळे ज्याला कर्जही कुणी देत नाही, तो भारतात येतो. नेपाळचा सर्वात गरीब प्रांत सुदूरपश्चिम. तिथल्या अछाम, बाजुरासारख्या जिल्ह्यांतून पिढ्यान् पिढ्या लोक भारतात येतात. पगार आखातापेक्षा कमी, पण घरी चूल पेटते.

याचा फरक पडतो का? 1995-96 मध्ये नेपाळमध्ये सुमारे 42 टक्के लोक गरीब होते, 2003-04 मध्ये सुमारे 31 टक्के. मधली बरीच वर्षं तिथं माओवादी संघर्ष पेटलेला होता, हे विसरू नका. जागतिक बँकेच्या संशोधकांच्या मते, या घटीतला जवळपास पाचवा हिस्सा कामासाठीच्या स्थलांतराचा आणि घरी पाठवलेल्या पैशांचा होता. त्यात आखातात आणि देशातल्या देशात गेलेलेही आले.

पैसे पाठवणंही दोन्ही देशांनी सोपं केलंय. 1993 पासून दर ठरलेला आहे, 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी. 2008 मध्ये रिझर्व्ह बँकेने एनईएफटीवरून नेपाळला पैसे पाठवायची खास सोय सुरू केली. घरच्यांचं बँकेत खातं नसलं तरी त्यांना तिथं रोख मिळते. तुलनेसाठी सार्कची अवस्था बघा. 2014 च्या काठमांडू बैठकीनंतर या आठ देशांची शिखर परिषदच झालेली नाही.

पण या सोयीत एक मोठं भोक आहे. पीएफच्या नियमांत नेपाळी कर्मचारी भारतीय कामगारच धरला जातो. मात्र त्यासाठी तो कंपनीच्या पगारपत्रकावर हवा. ढाब्यावरच्या आचाऱ्याला ते कुठून मिळणार? आखातात जाणाऱ्या नेपाळी कामगाराला सरकारी श्रम परवाना घ्यावा लागतो, त्यासोबत विमा आणि कल्याण निधीचा आधार मिळतो. भारतात यायला परवानाच लागत नाही, त्यामुळे चाकणमध्ये तो अपघातात गेला, तर त्या निधीतून गावाकडच्या कुटुंबाला काही मिळत नाही.