नकाशा इंग्रजीत, मुदत तीस दिवसांची

दुकानदाराला मालाचा भाव, गिऱ्हाइकाची पत आणि उधारीचा हिशेब तोंडपाठ असतो. परंतु ज्या जागेवर आपले दुकान उभे आहे त्या जागेवर सरकारी नकाशात काय दाखविले आहे, असे विचारले तर बहुतेक बांधव गप्प बसतात. कारण उघड आहे. नकाशावरील शब्द पुष्कळदा इंग्रजी असतात, जाहीर सूचनेचे मराठी वकिली थाटाचे असते आणि आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांना फक्त उर्दू वाचता येते. मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने प्रत्येक नगरपरिषदेला शहराची विकास योजना करावी लागते व वीस वर्षांतून निदान एकदा ती सुधारावी लागते. मनमाड नगरपरिषदही त्याला अपवाद नाही. प्रारूप योजना तयार झाली की राजपत्रात व वर्तमानपत्रात सूचना निघते. त्या तारखेपासून तीस दिवसांत लेखी हरकती व सूचना द्यावयाच्या असतात. येथेच आपली मोठी गैरसमजूत आहे. ‘माझ्या घरी नोटीस आली नाही, तेव्हा माझ्या जागेला काही होत नाही,’ असे अनेकजण समजतात. या कायद्यात प्रारूप योजनेसाठी घरोघरी नोटीस पाठविण्याची तरतूद नाही. जाहीर सूचना निघाली की सर्वांना कळविले, असे धरले जाते.

मनमाडकरांसाठी हा विषय आज अधिकच जवळचा आहे. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. खर्च सुमारे १८,०३६ कोटी रुपये. अशा प्रकल्पासाठी रेल्वे कायदा, १९८९ खाली जमीन घेता येते. त्याची अधिसूचना भारत सरकारच्या राजपत्रात निघते आणि ते राजपत्र हिंदी व इंग्रजीत असते. मात्र त्या अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील, छापलाच पाहिजे असे कायदा म्हणतो. हरकतीची मुदत येथेही तीसच दिवस, आणि ती राजपत्राच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणजे मराठी वर्तमानपत्रात सारांश दिसेपर्यंत काही दिवस आधीच निघून गेलेले असू शकतात.

आता नकाशाकडे वळू. प्रारूप योजना कार्यालयीन वेळेत कोणालाही पाहता येते आणि वाजवी किमतीत तिच्या प्रती वा उतारे विकत मिळतात. ही कोणाची मेहेरबानी नाही, कायद्यातील तरतूद आहे. नकाशाच्या कोपऱ्यात खुणांची सूची असते, ती प्रथम पहावी. साधारणतः पिवळा रंग निवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक आणि हिरवा शेती वा मोकळ्या जागेचा असतो. इंग्रजी फारसे येत नसले तरी दोन शब्दांवर बोट ठेवता आले पाहिजे: ‘एक्झिस्टिंग’ म्हणजे आज जे आहे ते, आणि ‘प्रपोज्ड’ म्हणजे पुढे जे करावयाचे आहे ते. गॅरेज, वेल्डिंग, फर्निचर, भंगार असे धंदे बहुधा रस्त्याच्या कडेला असतात. तेव्हा रस्ता आज किती मीटरचा आणि प्रस्तावित किती मीटरचा, हे पाहिल्याशिवाय उठू नये. पुढे ‘रिझर्व्हेशन’ हा शब्द दिसला तर त्याचा क्रमांक लिहून घ्यावा. बाग, शाळा, मंडई, वाहनतळ, यांपैकी काय ते त्या क्रमांकापुढे लिहिलेले असते. आरक्षण दिसले म्हणून उद्या बुलडोझर येतो असे नव्हे. तसेच गप्प बसल्याने ते पुसलेही जात नाही.

हरकत मराठीतच लिहावी. त्यासाठी वकील असलाच पाहिजे असे नाही. सिटी सर्व्हे किंवा गट नंबर, नकाशात काय दाखविले आहे, प्रत्यक्षात काय आहे आणि आपणास काय बदल हवा, इतके पुरे. सोबत मिळकत पत्रिका, घरपट्टीची पावती, धंद्याचा परवाना यांच्या प्रती जोडाव्यात. उधारी लिहून ठेवावी ही शिकवण आपणास घरातूनच आहे. तशीच अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का व तारीख घ्यावी. तोंडी सांगितलेले टेबलावरच राहते. विकास योजनेवर ‘कोणतीही व्यक्ती’ हरकत घेऊ शकते. म्हणून भाडेकरू दुकानदारानेही मालकाच्या तोंडाकडे पाहू नये. पुढे नियोजन समितीपुढे सुनावणी होते, तेथे आपल्या भाषेत बोलावे. मुंबईच्या २०१५ च्या प्रारूप योजनेतील असंख्य चुका नागरिकांनीच दाखवून दिल्या आणि शासनाला ती नव्याने करावयास लावावी लागली.

भाषेची मागणी करणे म्हणजे भीक मागणे नव्हे. पर्यावरण परिणामांसंबंधीच्या २०२० च्या मसुद्याचे आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत भाषांतर करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला व हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली. स्थानिक संस्थांचा कारभार मराठीत चालावा यासाठी राज्याने २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा केला. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीच्या जोडीला उर्दू असण्यास तो कायदा आड येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी दिला. तेव्हा योजनेचा सारांश सोप्या मराठीत आणि जोडीला उर्दूत लावावा, असा अर्ज बाजारपेठेच्या संघटनेने नगरपरिषदेस आधीच देऊन ठेवावा. जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदच्या फलकावर शेवटची तारीख लावणे तर आपल्याच हाती आहे.

ज्यांच्या जागेवर जुने आरक्षण आहे त्यांनी आणखी एक तपासावे. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन झाली नसेल, तर कलम १२७ प्रमाणे मालकाला नोटीस देता येते. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. प्रथम नगरपरिषदेतून भाग नकाशा व झोन दाखला काढावा. योजना कोणत्या तारखेस अमलात आली तेही तेथेच विचारून घ्यावे, कारण दहा वर्षे त्या तारखेपासून मोजतात.