आयनाचा शेजार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

यवतमाळच्या हवेत, पृथ्वीवर अन्यत्र असतो तसाच, शेकडा सुमारे 0.93 इतका अरगॉन वायू असतो; परंतु अरगॉनसारख्या राजवायूंच्या नावामागे ‘निष्क्रिय’ हे विशेषण कायमचे चिकटल्यामुळे, पुसद-वणीच्या विद्यार्थ्यापासून पुण्यामुंबईच्या पदवीधरापर्यंत अनेकांची समजूत अशी असते, की हे अणू परस्परांशी कसलाच व्यवहार करीत नाहीत. वस्तुतः वायू पुरेसा थंड केला असता व्हान डर वाल्स आकर्षणाच्या अत्यंत क्षीण बंधाने त्यांचे पुंज बनतात, आणि पुंजातील एका अणूचा इलेक्ट्रॉन हिरावला जाऊन त्याचा आयन झाला म्हणजे तो मामला त्या एकट्याचा उरत नाही.

आयनाने आपली ऊर्जा आपल्यापुरतीच निस्तरावी, हा समज याहून खोल रुजलेला आहे. हायडेलबर्गचे लोरेन्झ सेडरबाउम व त्यांचे सहकारी यांनी 1997 साली तो गणिताने खोडून काढला. निऑनचा घट्ट धरलेला 2एस इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे 48.5 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, तर सर्वांत सैल इलेक्ट्रॉन काढण्यास 21.6, म्हणून वरचा इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागी उतरला, की जवळजवळ 27 ची शिल्लक राहते. त्याच आयनातून दुसरा इलेक्ट्रॉन काढण्यास ती अपुरी पडते, त्यामुळे एकाकी आयन ती प्रकाशरूपाने सावकाश टाकून देतो. शेजारच्या उदासीन अणूचा इलेक्ट्रॉन उडवण्यास मात्र ती पुरून उरते, आणि हे काम प्रकाश बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी उरकते. मग लगत उभे राहिलेले दोन धन आयन परस्परांना दूर लोटतात व पुंज फुटतो. निऑनच्या पुंजांत याचा प्रायोगिक पुरावा 2003 मध्ये मिळाला. येथे शेजाऱ्याकडे ऊर्जा गेली, त्याचा इलेक्ट्रॉन आयनाकडे आला नाही, हा भेद नीट ध्यानात ठेवावा.

प्रत्यक्ष इलेक्ट्रॉनच घेतला, तर आयनाची गती खुंटत असेल, असेही मानले जाते. मुंबईच्या कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एम. कृष्णमूर्ती व सहकाऱ्यांनी केलेला, 2013 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याचे उत्तर देतो, आणि तो आपल्या शाळांच्या फळ्यापर्यंत पोहोचावा असे मला मनापासून वाटते. तीव्र लेसरने अरगॉनचे पुंज फुटून दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत ऊर्जेचे आयन सुटले. त्यांनी वाटेतल्या उत्तेजित पुंजांतील सैल इलेक्ट्रॉन उचलले व त्यांतील बहुतेक उदासीन झाले. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान अरगॉनच्या अणूच्या सुमारे 73,000व्या भागाइतकेच असल्याने वेग जवळजवळ कायम राहिला, आणि विद्युत् वा चुंबकीय क्षेत्राने न वळणारे वेगवान अणू हाती आले.