हौशी कारागीर आणि त्याचे गॅरेज : एका संकल्पनेचे तौलनिक वाचन

१.

अमेरिकन घराच्या रचनेत दिवाणखान्याइतकेच महत्त्वाचे स्थान गॅरेजला आहे. नावाप्रमाणे ही मोटार ठेवण्याची जागा. प्रत्यक्षात मात्र अनेक घरांत ती घरमालकाची कर्मशाळा असते. भिंतीवरील फळीला पाने, पकडी, कानशी, करवती टांगलेल्या असतात. कोणते हत्यार जागेवर नाही हे चटकन कळावे म्हणून काही जण प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा त्या फळीवर रंगवून ठेवतात. रिकाम्या डब्यांतून स्क्रू, वॉशर, तारेचे तुकडे, जुन्या यंत्रांचे सुटे भाग साठवलेले असतात. सुटीच्या दिवशी घरमालक येथे मोटारीचे तेल बदलतो, खुर्चीचा निखळलेला पाय बसवतो, गवत कापण्याच्या यंत्राच्या पात्याला धार लावतो, आणि एखादी जुनी मोटारसायकल वर्षानुवर्षे उघडून जोडत बसतो. यांतील बहुतेक कामे पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येतात आणि अनेकदा ती तशी करवून घेणेच सोयीचे असते. तरीही तो ती स्वतः करतो आणि त्यांत त्याला आनंद वाटतो. या कृतीला इंग्रजीत ‘टिंकरिंग’ असे नाव आहे.

या कृतीला मराठीत काय म्हणावे, असा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे. वरवर पाहता हा केवळ पर्यायी शब्दाचा प्रश्न वाटेल. परंतु हाताने करावयाचे काम व्यवसायाकडून छंदाकडे कोणत्या परिस्थितीत जाऊ शकते, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. ‘ब्रिकोलाज’ आणि ‘जुगाड’ या संज्ञा आपल्या समीक्षेत आज ज्या सहजतेने वापरल्या जातात, ती सहजता तपासून पाहण्यासाठीही या प्रश्नाचा विचार आवश्यक आहे.

२.

हौशी दुरुस्तीची ही संस्कृती अमेरिकेत विसाव्या शतकात आकाराला आली. १९०२ मध्ये शिकागो येथे सुरू झालेल्या ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या नियतकालिकाने यंत्रांविषयीचे ज्ञान सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत आणले. आरंभीची गॅरेजे घोडागाडीच्या पागेप्रमाणे घराच्या मागे, अंतर राखून बांधलेली असत. पेट्रोलमुळे आग लागण्याचे भय हे त्याचे एक कारण होते. पुढे गॅरेज घराला येऊन भिडले. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे झपाट्याने वाढली, घराची मालकी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली आणि कामाचे तासही निश्चित झाले. १९४६ मध्ये ‘ब्लॅक अँड डेकर’ या कंपनीने घरगुती ग्राहकांसाठी विजेवर चालणाऱ्या ड्रिल बाजारात आणल्या. ‘टाइम’ साप्ताहिकाने २ ऑगस्ट १९५४ च्या अंकात ‘स्वतः करा’ या लाटेला मुखपृष्ठावर स्थान दिले, तोवर हा छंद एक मोठी बाजारपेठही बनला होता.

इतिहासकार स्टीव्हन गेल्बर यांनी ‘हॉबीज’ (१९९९) या ग्रंथात या प्रवृत्तीची मार्मिक मीमांसा केली आहे. त्यांच्या मते छंद हा कामापासूनची सुटका असल्याचे भासवतो. प्रत्यक्षात कामाचीच मूल्ये, म्हणजे चिकाटी, नेटकेपणा आणि उत्पादकता, तो फावल्या वेळात घेऊन येतो. कचेरीत बसून काम करणाऱ्या पुरुषाला गृहजीवनात ‘पुरुषी’ म्हणता येईल अशी भूमिकाही या छंदाने मिळवून दिली.

येथे दोन गोष्टी नोंदवावयास हव्यात. न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउन या वसाहतीतील आरंभीच्या घरांचे पोटमाळे अपुरे ठेवलेले होते आणि रहिवाशांनी ते स्वतःच्या हातांनी पुरे केले. ‘स्वतः करा’ या संस्कृतीचे हे ठळक उदाहरण होय. मात्र त्या वसाहतीच्या आरंभीच्या करारांत श्वेतवर्णीयेतरांना मज्जाव करणारे कलम होते. हौशी दुरुस्तीला लागणारे घर आणि फावला वेळ, यांचे वाटप अमेरिकेतही समान नव्हते. दुसरी गोष्ट अशी की, शिवणे, रफू करणे, घर नीटनेटके ठेवणे ही स्त्रियांनी पिढ्यान्पिढ्या केलेली दुरुस्तीची कामे या काळात बहुधा छंद म्हणून गणली गेली नाहीत. ती कर्तव्येच मानली गेली.

३.

‘टिंकर’ या शब्दाचा प्रवास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. हा शब्द मुळात नाम. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकापासून आढळणारा ‘टिंकर’ म्हणजे गावोगाव हिंडून भांडी सांधणारा माणूस. समाजात त्याला प्रतिष्ठा नव्हती. शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकाच्या प्रास्ताविकात ज्याची थट्टा केली जाते तो मद्यपी ख्रिस्तोफर स्लाय टिंकर आहे. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील नाटक्या कारागिरांपैकी टॉम स्नाउट हाही टिंकर आहे आणि त्याच्या वाट्याला भिंतीची भूमिका आली आहे. ‘द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ (१६७८) लिहिणारा जॉन बन्यन स्वतः टिंकर होता आणि टिंकराचाच मुलगा होता. त्याची ही कृती ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ मध्येच मराठीत आली. आयर्लंडमध्ये या शब्दाची हेटाळणी एका संपूर्ण भटक्या समाजाला चिकटली. सिंज यांचे ‘द टिंकर्स वेडिंग’ (१९०८) हे नाटक त्या पार्श्वभूमीवर वाचावे लागते.

या नामापासून क्रियापद झाले तेव्हा त्याचा अर्थ ‘कसेबसे, अडाणीपणे दुरुस्त करणे’ असा होता. तुच्छ मानलेल्या माणसाचे कामही तुच्छ ठरले. अमेरिकन वापरात मात्र या क्रियापदातील निंदा ओसरत गेली आणि प्रयोगशीलता, कुतूहल, स्वतःच्या हातांवरचा विश्वास असे अर्थ त्यात भरले. हे घडू शकले, कारण क्रियापद नामापासून सुटे झाले होते. गॅरेजात ‘टिंकरिंग’ करणाऱ्या बँकेतील कारकुनाला कोणी ‘टिंकर’ समजत नाही. काम त्याच्याकडे आले. त्या कामाला चिकटलेली सामाजिक ओळख मात्र मागेच राहिली.

४.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना या क्षेत्राचा परिचय बहुधा क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांच्या ‘ला पॉन्से सोव्हाज’ (१९६२) या ग्रंथातून झालेला असतो. मिथकीय विचारपद्धती स्पष्ट करण्यासाठी त्यांनी ‘ब्रिकोलर’ ही व्यक्तिरेखा योजली. ब्रिकोलर हा हाताशी असलेल्या साधनांवर काम भागवतो. त्याचा साठा एखादी योजना मनात धरून जमवलेला नसतो. ‘कधी तरी उपयोगी पडेल’ या न्यायाने तो जमत गेलेला असतो. त्यातील प्रत्येक वस्तूला पूर्वीचा इतिहास असतो आणि तो इतिहास तिच्या नव्या उपयोगाला मर्यादा घालतो. अभियंता संकल्पनेच्या आधारे काम करतो, तर ब्रिकोलर चिन्हांच्या आधारे. झाक देरिदा यांनी १९६६ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात या भेदावरच बोट ठेवले. स्वतःची भाषा शून्यातून घडवणारा अभियंता ही ब्रिकोलरनेच रचलेली कल्पना आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या चर्चेला कथात्म रूप देणारी संहिता म्हणून रॉबर्ट पर्सिग यांच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ (१९७४) या पुस्तकाकडे पाहता येते. १९६८ मध्ये मुलासह केलेल्या मोटारसायकलच्या प्रवासावर ते आधारलेले आहे. त्यातील एक प्रसंग येथे उपयुक्त आहे. निवेदकाच्या मित्राच्या किमती जर्मन मोटारसायकलचे हँडल सैल होऊन घसरू लागते. बिअरच्या ॲल्युमिनियमच्या डब्याची पट्टी कापून ती मधल्या फटीत बसवावी, असे निवेदक सुचवतो. तो धातू मऊ आहे, चिकट आहे, पाण्याने गंजत नाही. पाचरीसाठी याहून योग्य वस्तू नाही. मित्र मात्र दुखावतो. निवेदकाला धातूचे गुणधर्म दिसतात, मित्राला बिअरचा डबा दिसतो. वस्तूचा पूर्वेतिहास तिच्या नव्या उपयोगाच्या आड येतो, हे लेव्ही-स्ट्रॉस यांचे म्हणणे येथे दोन स्वभावांच्या संघर्षातून मूर्त झाले आहे.

याच पुस्तकात व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांचे चित्र निवेदकाने रंगवले आहे. रेडिओ मोठ्याने लावून, निष्काळजीपणे ते त्याची मोटारसायकल बिघडवतात. स्वतःच्या कामाचे ते केवळ प्रेक्षक असतात. उलट, जीव ओतून काम करणारा हौशी माणूस यंत्राशी एकरूप होतो. मॅथ्यू क्रॉफर्ड यांचे ‘शॉप क्लास ॲज सोलक्राफ्ट’ (२००९) हे पुस्तकही हस्तकौशल्याच्या बौद्धिक मोलाचा पुरस्कार करते. राज्यशास्त्रीय तत्त्वज्ञानातील डॉक्टरेट मिळवलेल्या क्रॉफर्ड यांनी वैचारिक संस्थेतील नोकरी सोडून मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान काढले. दोन्ही संहितांत हाताचे काम मुक्तिदायी ठरते, कारण ते निवडलेले आहे. लहानपणापासून तेच काम करणाऱ्या, दुसरा पर्याय नसलेल्या माणसाच्या नजरेतून दुरुस्ती कशी दिसते, हा प्रश्न पर्सिग यांच्या तत्त्वचिंतनाच्या कक्षेत येत नाही. त्या मेकॅनिकांच्या अलिप्ततेची मीमांसा तेथे मनोवृत्तीच्या अंगाने होते. रोजगार आणि मजुरी यांच्या अंगाने ती होत नाही.

५.

आता मराठीकडे वळू. या कृतीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ‘खटपट’, ‘खुडबूड’, ‘उद्योग’, ‘उपद्व्याप’ असे अनेक शब्द हाताशी आहेत. परंतु ‘खटपटी माणूस’ म्हणताना कारस्थानाची छटा येते. ‘उद्योग’ हा आदराचा शब्द घरातल्या दुरुस्तीला लावताच ‘नसते उद्योग’ होतो. ‘डागडुजी’ हा निर्विकार शब्द. त्यात आनंद नाही. ‘हौशी’ हे विशेषण नाटकाला, गायनाला, छायाचित्रणाला सहज लागते. ‘हौशी रंगभूमी’ ही तर आपली प्रतिष्ठित संज्ञा आहे. ‘हौशी लोहार’ किंवा ‘हौशी चांभार’ असे मात्र कोणी म्हणत नाही. हा शब्दसंयोग कानाला विनोदी वाटतो, आणि तो तसा का वाटतो हे समजून घेतले पाहिजे.

त्याचे उत्तर श्रमाच्या व्यवस्थेत आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात वर्णिलेल्या बलुतेदारीत नांगर सुताराने दुरुस्त करावयाचा, फाळ लोहाराने शेवटायचा, मोट चांभाराने शिवायची. दुरुस्तीचे प्रत्येक काम एका जातीच्या नावाशी बांधलेले होते. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) मध्ये दाखवून दिले. भाषेच्या अंगाने या सिद्धान्ताचा पडताळा येथे मिळतो. ‘टिंकर’पासून क्रियापद सुटे झाले आणि ते कोणालाही वापरता आले. मराठीत ‘लोहार’, ‘कासार’, ‘चांभार’ ही नामे नामेच राहिली. त्यांतून कोणालाही करता येईल अशी क्रिया निघाली नाही. गावोगाव हिंडून लोखंडी अवजारे घडवणारा, दुरुस्त करणारा घिसाडी समाज आणि ‘घिसाडघाई’ हा शब्द यांतील ध्वनिसाम्यही येथे आठवते. इंग्रजी ‘टिंकर’ला जुन्या काळी चिकटलेली अडाणी कामाची छटा आपल्याकडच्या या शब्दातही ऐकू येते, अमेरिकेत झालेले तिचे उन्नयन तेवढे आपल्याकडे झाले नाही.

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) हे आत्मकथन पर्सिग यांच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावे असे मी सुचवतो. दोन्ही आत्मपर संहिता, दोन्ही प्रवासाच्या आणि दोन्हींत हाताचे काम केंद्रस्थानी. कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडते, फोक तोडून आणते, टोपल्या विणते. हाताशी आलेल्या साधनांवर भागवण्याचे कौशल्य येथे पर्सिग यांच्या निवेदकाहून तसूभरही कमी नाही. परंतु पर्सिग यांचा निवेदक मोटारसायकलवरून स्वतःच्या इच्छेने घराबाहेर पडतो. ‘उपरा’मधील कुटुंबाला परतण्यासाठी घरच नाही. पहिल्या संहितेत शिकलेला माणूस हाताच्या कामाकडे येतो, दुसऱ्या संहितेत बाप मुलाला शाळेत घालून त्या कामातून बाहेर काढू पाहतो. एकाच कौशल्याचे मूल्य या दोन दिशांनी उलटसुलट होते.

गोधडीचेही असेच आहे. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे तुकडे जोडून केलेली गोधडी हे लेव्ही-स्ट्रॉस यांच्या व्याख्येत चपखल बसणारे ब्रिकोलाज होय. प्रत्येक तुकडा आपला पूर्वेतिहास घेऊन येतो. तरी ती शिवणाऱ्या बाईला आपण ब्रिकोलर म्हटले नाही आणि तिच्या कामाला छंदही म्हटले नाही.

६.

उत्तर भारतात पाण्याच्या पंपाचे डिझेल इंजिन बसवून तयार केलेल्या वाहनाला ‘जुगाड’ म्हणतात. ‘जुगाड इनोव्हेशन’ (२०१२) या व्यवस्थापनविषयक पुस्तकानंतर हा शब्द जागतिक चर्चेत प्रतिष्ठा पावला. साहित्यसमीक्षेतही ‘जुगाड म्हणजे भारतीय ब्रिकोलाज’ हे समीकरण रूढ होऊ पाहत आहे. वरील विवेचनावरून या समीकरणातील धोका ध्यानात यावा. अभावातून आलेली दुरुस्ती आणि निवडीतून आलेली दुरुस्ती यांची रीत सारखी असू शकते. त्यांचा सामाजिक अर्थ सारखा नसतो. रीतीच्या साम्यावर बोट ठेवून संज्ञा सार्वत्रिक केली, की अभावाचेच कौतुक होऊन बसते.

यावरून हौशी दुरुस्तीचा आनंद खोटा ठरत नाही. स्वतःच्या हाताने बसवलेला स्क्रू माणसाला वस्तूशी जे नाते देतो, ते खरेच आहे. असे नाते कोणाला परवडते आणि कोणावर लादले जाते, एवढेच विचारावयाचे आहे. मराठीत ‘टिंकरिंग’साठी शब्द हवाच असेल, तर ‘खटपट’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. त्यातील किंचित उपहास गाळण्याचा प्रयत्न अनुवादकाने करू नये. जेथे हाताचे काम अजून पुरतेपणी जातीपासून सुटलेले नाही, तेथील भाषेने राखून ठेवलेली ती नोंद आहे. ज्या दिवशी ‘हौशी चांभार’ हा शब्दसंयोग कानाला विनोदी वाटणार नाही, त्या दिवशी या अनुवादाचा फेरविचार करता येईल.