डोरोथीचा अपराध कोणता?

एल. फ्रँक बॉम यांनी १९०० साली ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ओझ’ला एक छोटी प्रस्तावना जोडली. जुन्या परीकथा मुलांना घाबरवून तात्पर्य शिकवत. आता ते काम शाळेत होतं, तेव्हा ही गोष्ट निव्वळ मुलांच्या आनंदासाठी लिहिली आहे, असं त्यांनी त्यात सांगून टाकलं. पुढे १०७ वर्षांनी, २००७ साली, याच गोष्टीवरून अमेरिकेत एक ॲनिमेशनपट निघाला. नाव ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ हाज’. ‘व्हेजीटेल्स’ या ख्रिस्ती मालिकेतला हा भाग. त्याचा विषय क्षमा, आणि त्यासाठी ओझची कथा थेट बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या, म्हणजे बापाचा पैसा उडवून परतलेल्या मुलाच्या, दाखल्याला जोडलेली.

लेखकानं तात्पर्य नको म्हटलेलं असताना त्याच्याच गोष्टीतून धर्मबोध काढायचा, हा पुस्तकावर अन्याय आहे, असं चटकन वाटतं. मला प्रश्न वेगळा वाटतो. गोष्टी नेहमीच एका हातातून दुसऱ्या हातात जातात, आणि जाताना बदलतात. या प्रवासात नेमका कोणता सांधा बदलावा लागला, ते पाहायला हवं. तो सांधा सापडला की श्रद्धेला गोष्टीकडून काय हवं असतं, तेही कळतं.

दोन्ही कलाकृतींचं मूळ शिकागोत आहे. बॉम यांचं पुस्तक तिथल्या जॉर्ज एम. हिल कंपनीनं काढलं, चित्रं डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो यांची. फिल विशर आणि माइक नॅवरॉकी यांनी ‘व्हेजीटेल्स’ची पहिली व्हिडिओ कॅसेट १९९३ च्या डिसेंबरात आणली, तीही शिकागोतच. तेव्हाच्या संगणकावर हात, पाय, केस, कपडे हलवून दाखवणं एका लहान स्टुडिओच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून विशर यांनी आधी चॉकलेटच्या वडीला नायक करून पाहिलं. मुलांना आणखी गोडाची चटक कशाला, असं त्यांच्या पत्नीनं म्हटलं आणि वडीच्या जागी काकडी आली. लॅरी नावाची काकडी आणि बॉब नावाचा टोमॅटो ही जोडी अमेरिकेतल्या ख्रिस्ती घरांत पाठ झाली. येशूला मात्र कधीही भाजीच्या रूपात दाखवायचं नाही, हा दंडक पहिल्यापासून पाळला गेला.

सुरुवातीला बायबलमधल्या कथा, मग हळूहळू जगातल्या बालवाङ्मयाकडे मोर्चा वळला. २००८ मध्ये मार्क ट्वेन यांचे टॉम सॉयर आणि हकलबेरी फिन आले, २०१२ मध्ये फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ‘अ लिटल प्रिन्सेस’ आली. ओझ त्यांच्या आधीचं. ते हाती घेणं सोपंही होतं, कारण पुस्तकाचा कॉपीराइट १९५६ मध्येच संपला होता. याच गोष्टीवरचा एमजीएम स्टुडिओचा १९३९ चा चित्रपट मात्र असा मोकळा नव्हता. त्यातले नायिका डोरोथीचे लाल माणकांचे बूट चित्रपटवाल्यांचे. पुस्तकात ते चांदीचे आहेत, टेक्निकलर पडद्यावर उठून दिसावेत म्हणून चित्रपटात लाल झाले.

चित्रपटाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण सांधा बदलण्याची सुरुवात तिथेच झाली. पुस्तकातली डोरोथी कुठंही पळून जात नाही. कॅन्ससच्या माळरानावर वादळ येतं, एम मावशी तळघरात उतरते, टोटो कुत्रा घाबरून पलंगाखाली दडतो. त्याला बाहेर काढण्यात डोरोथीला उशीर होतो आणि अख्खं घर तिच्यासकट उचललं जातं. एवढंच. तिचा काही दोष नाही. चित्रपटातली डोरोथी टोटोला वाचवण्यासाठी घर सोडून निघते, वाटेत मावशीच्या काळजीनं मागे फिरते आणि तेव्हा वादळात सापडते. म्हणजे घर सोडण्याची टोचणी १९३९ मध्येच कथेत शिरली होती, फक्त तिच्यामागे कुत्र्यावरची माया होती.

‘हाज’मध्ये ही टोचणी थेट अपराध होते. डोरोथीच्या जागी डार्बी नावाचा मुलगा आहे. ज्युनियर ॲस्परॅगस हे पात्र त्याची भूमिका करतं. बाप कॅन्ससमधला शेतकरी. त्यानं मुलाच्या कॉलेजसाठी पैसे साठवलेत. मुलाला ‘हाज’ नावाच्या करमणुकीच्या नगरीत जायचंय. बाप नको म्हणतो, तर पोरगा तेच पैसे घेऊन पळतो. बुजगावणं, पत्र्याचा माणूस आणि सिंह वाटेत भेटतात, मौज होते, पैसे उडतात. मग एकटेपण, आणि बापासमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं ही भीती. टोटो कुत्र्याऐवजी या मुलासोबत एक पाळीव डुक्कर आहे. लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचलेल्याला हे लगेच कळेल: दाखल्यातल्या मुलावर शेवटी डुकरं राखण्याची पाळी येते.

असा बदल का करावा लागला? क्षमेची गोष्ट सांगायची तर क्षमा करण्याजोगं काही घडायला हवं. निष्पाप डोरोथीला कोण आणि कशाबद्दल माफ करणार? त्यामुळे आभाळातून आलेलं संकट बाजूला सारून मुलाच्या हातून चूक घडवणं भाग होतं. वादळ ‘हाज’मध्येही आहे, पण पैसे घेऊन पळालेल्या मुलाच्या गोष्टीत ते मुख्य कारण राहत नाही.

दुसरा बदल याहून खोल आहे. बॉम यांच्या पुस्तकात बुजगावण्याला अक्कल हवी असते, पत्र्याच्या माणसाला काळीज, सिंहाला धाडस. आणि वाचणाऱ्या मुलाला पानोपानी दिसत राहतं की तिघांकडे ते आधीपासून आहे. जादूगार भोंदू निघतो. घरी नेणारी शक्ती डोरोथीच्या पायांतल्याच बुटांत असते. माणसाला हवं ते त्याच्याच ठायी आहे, ही बॉम यांची धारणा. ते आणि त्यांची पत्नी मॉड १८९२ मध्ये शिकागोत याच धारणेच्या जवळ जाणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद झाले होते. मॉडची आई मटिल्डा जॉस्लिन गेज याही त्याच पंथातल्या.

नेमकी हीच धारणा काही श्रद्धावंतांना खुपली. टेनेसी राज्यातल्या हॉकिन्स काउंटीत काही ख्रिस्ती पालक शाळेच्या वाचनपुस्तकांविरुद्ध न्यायालयात गेले. त्या पुस्तकांत ओझही होतं. चेटकीण चांगली कशी असेल, हा एक आक्षेप. दुसरा जास्त विचार करण्यासारखा: धैर्य, बुद्धी, करुणा ही देवाची देणगी आहे, माणूस ती स्वतःच कमावतो असं मुलांना का शिकवता? १९८६ मध्ये जिल्हा न्यायालयानं पालकांच्या बाजूनं निकाल दिला. १९८७ मध्ये वरच्या न्यायालयानं तो फिरवला. या पालकांना हसण्यावारी नेणं मला पटत नाही. त्यांनी पुस्तक नीट वाचलं होतं. बॉम काय म्हणतात हे त्यांना अनेक चाहत्यांपेक्षा अचूक कळलं होतं, आणि ते त्यांना मान्य नव्हतं. ‘हाज’नं वीस वर्षांनी याच मतभेदाला वेगळं उत्तर दिलं: पुस्तक बंद करू नका, घराकडे नेणारी शक्ती बुटांतून काढून बापाच्या क्षमेत ठेवा.

या उत्तराची किंमत समजायला ‘व्हेजीटेल्स’चीच पुढची हकिगत पाहावी. विशर यांची कंपनी २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि मालिका दुसऱ्यांच्या मालकीची झाली. २००६ मध्ये एनबीसी वाहिनीनं ती शनिवारच्या सकाळी दाखवायला घेतली, तेव्हा देवाचे उल्लेख कापायला लावले. भाग तरीही चालले. खरं बोला, वाटून खा, एवढी शिकवण उरली. नंतर २०११ मधल्या एका मुलाखतीत विशर यांनी मोकळेपणानं सांगितलं की, आपण वर्षानुवर्षं मुलांना ख्रिस्ती वागणूक शिकवत राहिलो, ख्रिस्ती धर्म शिकवलाच नाही.

या कसोटीवर ‘हाज’ मला उजवा वाटतो. उधळ्या पुत्राच्या दाखल्याला ‘पैसे जपून वापरा’ हे तात्पर्य लावताच येत नाही. तिथला बाप हिशेब मागत नाही, अटी घालत नाही. मुलगा दूर असतानाच त्याला पाहतो आणि स्वतः धावत जाऊन गळ्यात पडतो. ओझच्या शेवटच्या प्रकरणात एम मावशी कोबीला पाणी घालायला घराबाहेर येते आणि मान वर करते, तर समोरून डोरोथी धावत येताना दिसते; मग तिला कवेत घेऊन मुके. एका गोष्टीत मूल धावतं, दुसरीत बाप. दोन्हीकडे कवेत घेणारं माणूस रागावत नाही. बॉम यांच्या शेवटात जी माया आहे, ती या ॲनिमेशनपटानं ओळखली आणि आपल्या श्रद्धेच्या भाषेत सांगितली. रूपांतर म्हणून ते प्रामाणिक आहे.

तरी डोरोथीचा निष्पापपणा गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुरात घर गेलेली, आई-बाप गमावलेली, काहीही न करता दूर फेकली गेलेली मुलं जगात आहेत. आपल्याकडे तर अशा मुलाच्या देखत ‘मागच्या जन्मीचं पाप’ असं म्हणणारी माणसं आजही भेटतात. चुकलेल्या मुलासाठी उधळ्या पुत्राचा दाखला आहे, आणि तो अजोड आहे. न चुकलेल्या मुलाला डोरोथी हवी. वादळ आलं ते तुझ्यामुळे नाही, हे तिच्याइतकं सहज सांगणारी पात्रं बालवाङ्मयात फार नाहीत. म्हणून घरातल्या मुलांना ‘हाज’ जरूर दाखवा, पण त्याआधी बॉम यांच्या पुस्तकाचं पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचून दाखवा. शेवटचं प्रकरण जेमतेम काही ओळींचं आहे.