दहा लाखांत एक

कोविशिल्डचा एक डोस म्हणजे अर्धा मिलिलिटर, जेमतेम दहा थेंब. त्या दहा थेंबांत ५,००० कोटी विषाणू असतात. मूळचे चिंपांझीचे, वाढू नयेत म्हणून आधीच निकामी केलेले. २१ ऑक्टोबर २०२१ला भारतानं १०० कोटी डोसांचा टप्पा गाठला, तेव्हा केवढा जल्लोष झाला! त्याच्या पन्नास पट आकडा कोविशिल्ड घेतलेल्या एकेका दंडात टोचला गेला होता.

हे विषाणू आपल्या पेशींकडून कोरोनाचा काटा बनवून घेतात. हा काटा म्हणजे १,२७३ मण्यांची, म्हणजे अमिनो आम्लांची, माळ. रोगप्रतिकारक यंत्रणेतली मारेकरी टी-पेशी अख्खी माळ बघत नाही, नऊ-दहा मण्यांचा तुकडा चाचपते. अंगात टी-पेशी सुमारे ४०,००० कोटी. पण ठरावीक तुकडा ओळखणारी, कधी कधी दहा लाखांत एखाद-दुसरीच. २०११च्या जनगणनेतल्या सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्रात अशी ११२ माणसं निघतील, आणि कोणाचं गाव ठाऊक नाही.

अशा पेशीची आणि तिच्या तुकड्याची गाठ पडते काखेत. लस घेतल्यावर तिथे कधी कधी वाटाण्याएवढं काही हाताला लागतं, ती या गर्दीनं सुजलेली लसीकाग्रंथी. जुळलेली पेशी दुणावू लागते. चौदा वेळा दुणावली की एकीच्या १६,३८४ होतात. २०२०मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत चौदाव्या दिवशी, रक्तातून वेगळ्या काढलेल्या दर दहा लाख पांढऱ्या पेशींमागे ८५६ पेशी काट्याचा कुठला ना कुठला तुकडा ओळखत होत्या. महाराष्ट्राच्या हिशेबात ही झाली ९६ हजार माणसं.

मग ओहोटी लागते. शंभरातल्या नव्वदांहून जास्त पेशी काही आठवड्यांत मरतात. मागे उरलेल्या मूठभर पेशी, तीच शरीराची आठवण. अँटीबॉडीच्या रिपोर्टात त्या दिसत नाहीत, म्हणून आकडा उतरला की आपण हबकतो. ओमिक्रॉननं काट्यात तीसहून जास्त बदल करून अँटीबॉडींना चकवलं. दक्षिण आफ्रिकेत तपासलं तर टी-पेशींचा ७० ते ८० टक्के प्रतिसाद शाबूत होता. तीस मणी बदलले, तरी बाराशेच्या वर जुनेच होते ना!

ही आठवण किती टिकेल? कोरोनाची लस अजून पोरसवदा आहे. जुना दाखला देवीचा. त्या लशीनं घडवलेल्या टी-पेशी ८ ते १५ वर्षांनी निम्म्या होतात, असं अमेरिकेतल्या लस घेतलेल्यांच्या रक्तात २००३मध्ये आढळलं. काहींना लस टोचून ७५ वर्षं झाली होती. पंधरा वर्षांचा हिशेब धरला, तर पन्नास वर्षांनी दहांतली एक उरते. आजीच्या हातावरचा देवीचा खोलगट वण पाहिलात की ती एक आठवा. तिला पुन्हा सोळा हजार व्हायला चौदाच पायऱ्या चढायच्या आहेत.