बिनबोलावलेला तंबोरा

ध्वनिमुद्रिका लावावी, सुई अलगद टेकवावी आणि गवयाच्या आधी दुसऱ्याच कोणी सूर धरलेला असावा, हा अनुभव गाण्याची हौस असलेल्या घरांना नवा नाही. ‘घूंऽऽ’ असा एकसारखा, श्वासदेखील न घेणारा सूर. आमच्या घरी त्याला बिनबोलावलेला तंबोरा म्हणतात.

तंबोरा म्हटले खरे, पण तो लागलेला मात्र कधीच नसतो. आपल्याकडे घरात येणारी वीज सेकंदाला ५० आंदोलने करते. ॲम्प्लिफायरच्या पोटात ती एकदिश करून घेताना त्यांची दुप्पट होते, म्हणजे १००. पेटीवर शोधू गेलात, तर हा १०० चा सूर खालची पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधल्या फटीत सापडेल. ५० चा त्याच्याच एक सप्तक खाली. आता काळी एकमध्ये गाणारा गवई घ्या. त्याच्या हिशेबी हा सूर तीव्र मध्यमाहून थोडा चढा आणि पंचमाहून बराच उतरलेला. त्यात मालकंस लावला असेल, तर बघायलाच नको! त्या रागात पंचम वर्ज्य आणि मध्यम शुद्ध. आमचे आप्पा वयाच्या ऐंशीव्या वर्षीही एवढ्या एका कारणासाठी तबकडी थांबवायला लावतात आणि त्यांचे चुकते असे मला कधी वाटले नाही.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. पण आप्पांच्या साठ-सत्तर तबकड्या नीट ऐकू याव्यात म्हणून जाणत्यांना विचारून, पुस्तके चाळून या आवाजाच्या मागे लागलो. पहिली गोष्ट कळली ती प्रमाणाची. तबकडीवरच्या सुईकडून निघणारा विद्युतसंदेश साधारण ५ मिलिव्होल्टचा. भिंतीतली वीज २३० व्होल्टची, म्हणजे सुमारे ४६ हजारपट. शेजारी एवढा मोठा म्हटल्यावर त्याचा आवाज भिंतीतून थोडा तरी यायचाच. म्हणूनच तबकडीयंत्राच्या मागून एक बारीक, एकटी तार निघते. ती ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला आवळायची असते. पुष्कळ घरांत ती धूळ खात लोंबत असते. घरघर फक्त तबकडी लावतानाच येत असेल, तर आधी ती तार पाहावी.

घरघर सगळ्याच वेळी येत असेल, तर प्रकरण निराळे. ॲम्प्लिफायरला तीन पिना, संगणकालाही तीन. दोघांचेही अर्थिंग जमिनीला गेलेले, आणि वर गाणे नेण्यासाठी दोघांमध्ये आणखी एक तार. झाले वर्तुळ पूर्ण! दोन ठिकाणच्या अर्थिंगच्या दाबात जराशी तफावत असली, की त्या वर्तुळातून वीज फिरू लागते आणि गाण्याच्या तारेवर स्वार होऊन कर्ण्यात उतरते. टेलिव्हिजनची केबलही असेच वर्तुळ पुरे करते. आमच्याकडे तीच दोषी निघाली. शोधण्याची रीत सोपी: जोडलेल्या वस्तू एकेक करून सोडवीत जायचे; जिच्या सुटण्याने आवाज थांबेल, ती चोर.

इलाजही तसा साधा. सगळ्या वस्तूंची वीज एकाच बोर्डावरून घ्यावी, म्हणजे अर्थिंगमधली तफावत जवळजवळ उरत नाही. गाण्याच्या तारा आखूड ठेवाव्यात, विजेच्या तारांना समांतर नेऊ नयेत. ओलांडायच्याच असतील, तर काटकोनात ओलांडाव्यात. एवढ्यानेही भागले नाही, तर दोन वस्तूंमध्ये लहानसा आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर घालावा. त्यात तांब्याची दोन वेटोळी असतात, एकमेकांना न चिकटलेली. गाणे चुंबकाच्या वाटेने पलीकडे जाते, वर्तुळ मात्र तुटते.

आमच्याकडे आलेल्या वायरमनने याहून सोपा इलाज काढला होता.

“सर, ही वरची जाड पिन काढून टाकतो. आवाज गेलाच म्हणून समजा.”

आवाज गेला असता, हे खरेच. पण अहो, ती पिन जाड आणि लांब केली आहे, ती मुद्दाम! प्लग घालताना ती सर्वांत आधी टेकावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. पेटीच्या आत एखादी तार सुटून पत्र्याला टेकली, तर वीज त्या पिनेतून जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन नसेल, तर पत्रा जिवंत होऊन वाट पाहत बसतो, आणि आमच्याकडे त्या पत्र्यावरची बटणे फिरवायला सर्वांत आधी धावते ती सात वर्षांची मुलगी. मी त्यांना चहा दिला आणि पक्कड पिशवीत ठेवायला सांगितले.

तडतड हा आणखी वेगळा प्रकार. मिक्सर, जुनी ट्यूब, दिवे मंद करणारे बटण आणि या दिवसांत खिडकीवर लुकलुकणाऱ्या स्वस्त माळा. रेडिओवर तर त्या फारच जाणवतात. त्यांना दुसरा बोर्ड द्यावा किंवा गाणे चालू असेपर्यंत विझवाव्यात.

मात्र भिंतीतले ते तिसरे भोक खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. गिरगावात मामांच्या चाळीत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली होती. पुढे पाइप प्लास्टिकचे आले, तार तशीच राहिली आणि मामांच्या रेडिओग्रामला हात लावला की मुंग्या येऊ लागल्या. शेवटी वर्गणी काढून मागच्या अंगणात खड्डा खणला. पाइप, कोळसा, मीठ घालून अर्थिंग नव्याने केले. माती कोरडी पडली की ते दुबळे होते, म्हणून उन्हाळ्यात मामा तिथे रोज बादलीभर पाणी ओततात. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजी अजून विचारतात, “काय हो, कसले झाड लावलेत? उगवत कसे नाही?”