तिवराखालची करडी माती

जमिनीचा निचरा केवळ कणांच्या आकारावर ठरत नाही. भूजल पृष्ठभागालगत असले, तर एरवी पाणी झरझर सोडणारी वाळूही चिंब राहते. न्हावा शेवा येथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराभोवतीच्या तिवरांच्या वनात तर कण बारीक आणि भरती दिवसातून दोनदा, त्यामुळे निचऱ्याला वावच नाही. पाण्याने भरलेल्या छिद्रांत हवा शिरत नसल्याने तेथील सूक्ष्मजीव ऑक्सिजनऐवजी लोहाची संयुगे व समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरतात. परिणामी मातीला निळसर करडा रंग येतो, ज्याला मृदाशास्त्रात ‘ग्लेइंग’ म्हणतात, आणि कुजक्या अंड्यांसारखा वास सुटतो. चिखलाचे ढेकूळ फोडले की मुळांच्या वाटांभोवती मात्र तांबूस कडी दिसतात, कारण तिवराचे झाड चिखलाबाहेर डोकावणाऱ्या श्वसनमुळांतून हवा खाली पोचवते आणि तेथील लोह गंजते. चर खणून अशी जमीन कोरडी केली की ती सुधारते, हा समज भाबडा आहे. तिच्यात पायराइट, म्हणजे लोह व गंधकाचे खनिज, साठलेले असल्यास हवा लागताच त्यापासून गंधकाम्ल तयार होते आणि जमीन आम्लधर्मी होऊन पिकाच्या कामाची राहत नाही.